सदतीस अंशांची कोंबडी

नात बायोमेडिकल सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा फोन आला तो रडकाच. प्रयोगशाळेतलं कुठलंसं यंत्र दुपारभर बंद होतं, म्हणून तिचा आख्खा दिवस फुकट गेला. मी म्हटलं, "मग झोप तरी काढलीस का?" तर तिने फोनच ठेवला. आता तिला कसं सांगू, की आजीचं यंत्र बंद पडलं तेव्हा आजीने पिसांचं यंत्र लावलं होतं, आणि ते टोचायचं.

मी रोह्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. घर आमचं पेणच्या खाडीकडचं. बाबा मिठागरावर, आई मिठागरावर, आणि मी नाक वर करून अष्टमी गावात आत्याकडे. पूल ओलांडला की रोहा, रोह्यात कॉलेज. पाठवताना बाबांनी एकच अट घातली होती, "पास होत जाशील तवर शीक. नापास झालीस की टोपली हाय नि मीठ हाय." हे ते रागाने म्हणाले नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली. आईच्या टाचा मिठाने चिरलेल्या असायच्या. ती त्यांत कोकमतेल तापवून भरायची आणि दात आवळून बसायची. ते तोंड डोळ्यांसमोर ठेवून मी अभ्यास करत असे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. खरं तर मला टोपली उचलायची नव्हती, बस्स.

त्या वर्षी सरांनी प्रत्येकाला एकेक काचनळी दिली. आत एक जंतू. नाव फक्त सरांना ठाऊक. तो दुसऱ्या नळीत वाढवायचा, त्यात दुसरं काही मिसळू द्यायचं नाही, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, चाचण्या करायच्या आणि नाव सांगायचं. नाव बरोबर आलं तर जर्नलवर सही. सही नाही तर परीक्षेला बसायचं नाही. म्हणजे नापास. म्हणजे टोपली.

आणि नेमकी शिमग्याच्या तोंडावर वीज जायला लागली. जायची ती दिवसचे दिवस जायची. जंतू वाढवायची आमची उबदार पेटी, इन्क्युबेटर, नुसतं लोखंडी कपाट होऊन बसलं. बाकीच्या मुलांनी नळ्या टेबलावर उभ्या केल्या आणि चहाला गेली.

माझ्या शेजारी बसणारी म्हणाली, "ठेव की गो तूपण टेबलावर. वाढायचं ते वाढेल."

"पुस्तकात सदतीस अंश लिहिलंय," मी म्हटलं.

"पुस्तक काय रोह्यात राहतं?"

मी तिच्याशी बोलणंच टाकलं. ज्यांना शास्त्र कळत नाही त्यांच्याशी काय बोलायचं! त्या शहाणीच्या दोन वेण्या धरून तिला आज हलवावंसं वाटतं, पण वेण्या माझ्याच होत्या.

आत्याच्या पडवीत एक कोंबडी खुडूक बसलेली होती. भाताच्या पेंढ्याची टोपली, खाली अंडी, वर ही फुगून. मला एकदम साक्षात्कार झाला. आत्याकडचा ताप मोजायचा थर्मामीटर घेतला आणि सरकवला तिच्या पोटाखाली. तिने माझ्या मनगटाचा तुकडा काढला.

आत्या चुलीपासून ओरडली, "काय गो, ताप आलाय व्हय तिला?"

"प्रयोग आहे, आत्या."

"अंड्यांना काय झालं ना, तर तुझा प्रयोग करीन मी."

पारा शंभराच्या जरासा खाली. मी भिंतीवर कोळशाने गणित मांडलं, फॅरनहाइट अंशांचे सेल्सियस अंश केले आणि जाहीर केलं, "सदतीस!" आत्याने फक्त भिंतीकडे बघितलं. ती नुकतीच सारवली होती.

नळी फडक्यात गुंडाळून मी अंड्यांच्या मधोमध ठेवली. कोंबडीने ती पायाने बाहेर लोटली. मी आत ठेवली. तिने लोटली. दुपारभर आमचं हेच चाललं. शेवटी मीच पडवीत फतकल मारून बसले आणि तिच्यावर डोळा ठेवला. कॉलेज बुडवलं. बरोबरच्या मुलांचं काय चाललंय ते विचारलं नाही, कारण मी बोलत नव्हते. मध्ये एकदा दाणे टिपायला उठताना बाईसाहेबांनी नळीच्या तोंडाचा कापूसही उपटला. मी धावत जाऊन ज्योतीवर तोंड तापवलं, नवा कापूस कोंबला आणि स्वतःच्या प्रसंगावधानावर खूश झाले.

जंतू वाढला. काय वाढला! कोरडा, सुरकुतलेला, दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा. मी त्याच्या सगळ्या चाचण्या केल्या, सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या कांड्या दिसल्या, त्यांच्या पोटात ठिपके दिसले. पुस्तकाशी एकेक गोष्ट जुळली. नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि ऐटीत सरांसमोर उभी राहिले.

सरांनी नळी उजेडात धरली. मग त्यांची यादी बघितली. मग नळीला चिकटलेलं एक बारीक पीस चिमटीत काढून टेबलावर ठेवलं.

"ओळख अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "हा पेंढ्यातला बॅसिलस. वाळल्या गवतात राहतो. पण मी तुला आतड्यातला जंतू दिला होता. तो कुठंय?"

मी पिसाकडे बघत राहिले.

"हा कुठून आणलास?"

"घरून, सर."

"परत कर." त्यांनी जर्नल बंद केलं. नवी नळी दिली, आणि सांगितलं की सोमवारनंतर ते एकही सही करणार नाहीत.

पुलावरून परत येताना मी इतकी चिडले होते, की रडूसुद्धा नीट येईना. वीज कंपनीवर चिडले, सरांवर चिडले, पेंढ्यावर चिडले. कोंबडीवर तर विचारू नका. खाली पात्रात पोरं म्हशी धूत होती, त्यांच्यावरही चिडले. मिठाचा हंगाम ऐन भरात होता. सोमवारी सही नाही मिळाली तर पुढच्या आठवड्यात मी आईच्या मागे डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चालत असणार, आणि गावभर सांगून ठेवलेलं, की मी जंतूंची डॉक्टर होणार.

वीज नव्हतीच. कोंबडीवर विश्वास राहिला नव्हता. सदतीस अंश असलेला आणखी एकच प्राणी घरात मला माहीत होता. मी नवी नळी नीट बंद केली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली, पोलक्यात काखेशी बांधली, आणि पडवीच्या कोपऱ्यात बसले. हलायचं नाही, वाकायचं नाही, झोपायचं तर भिंतीला टेकून. फाल्गुनातला उकाडा, त्यात अंगावर आत्याची गोधडी, कारण शास्त्रात हयगय नको. घाम नाकावरून टपकत होता. समोरच्या टोपलीतून कोंबडी माझ्याकडे बघत होती. दोघी हलत नव्हतो.

आत्या बाहेर आली. एकदा कोंबडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आत गेली आणि मूठभर कण्या आणून माझ्यासमोर टाकल्या.

"खा गो बाय," ती म्हणाली. "बसलीस तर नीट बस. किती पिल्लं काढतेस ते बघू."

मला इतका संताप आला, की गोधडी फेकून उठावंसं वाटलं. उठले नाही. नळी हलली असती.

सोमवारी सरांनी नळी उजेडात धरली. गुळगुळीत, ओलसर, एकसारखी वाढ. चाचण्या तपासल्या, नाव बघितलं, यादी बघितली आणि सही केली. परीक्षा दिली, पास झाले, काठावर का होईना. बाबांनी वर्ग कुठला ते विचारलं नाही. टोपली माझ्या डोक्यावर आली नाही, एवढं मात्र खरं.

पण त्या दिवशी जर्नल परत देताना सरांनी सहज विचारलं, "इन्क्युबेटर तर बंद होता. वाढवलास कुठे?"

मी दंड काखेशी आवळून धरला.

"टेबलावरच ठेवलास ना? सगळ्यांनी तेच केलं. रोह्याच्या उकाड्यात हा पठ्ठ्या कुठेही वाढतो. एखादा दिवस जास्त लागतो इतकंच."

शेजारी बसणारी खाली मान घालून हसत होती. मी मान डोलावली, म्हटलं, "हो सर, टेबलावरच," आणि काखेतलं घामोळं खाजवायला बाहेर पळाले.