पहिल्या हाकेला ओ

माझे अब्बा बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला कधी ओ देत नसत. हाक मारणारा एकटा आहे की सोबत माणसं आहेत, हे खिडकीतून बघितल्यावरच कडी निघायची. आम्हा भावंडांना वाटायचं, भुताखेताची भीती असेल. मीही तशीच झाले. लोहाऱ्यात उभी हयात शाळेत शिकवलं, पण शेजारणींनी हाका मारमारून येणं सोडलं. बाई शिष्ट आहेत, असं त्या म्हणत. पुढं नवरा वारला, मुलगा पुण्याला स्थिरावला.

निवृत्तीनंतर एका ज्यू लेखिकेच्या आठवणींचा मराठी अनुवाद हाती आला. तिचे आईवडील छळछावणीतून वाचलेले. घरात त्याबद्दल अवाक्षर निघत नसे. पण दारावर थाप पडली की आई दिवा मालवायची. मुलगी नंतर, दूरच्या देशात जन्मली, तरी थाप ऐकून तिचेही हात गार पडत. मी पुस्तक मिटलं. त्या संहाराची तुलना आमच्या घराशी करावी, एवढी माझी हिंमत नाही. पण ते गार हात मला ठाऊक होते.

जळकोटला अब्बांची थोरली बहीण होती, माझी फुफी. दुसऱ्या दिवशी एसटीनं तिच्याकडं गेले आणि सरळ विचारलं. ती लसूण सोलत राहिली. मग आमच्या घरच्या दखनी उर्दूत सांगू लागली. मी ते मराठीत लिहितेय.

अठ्ठेचाळीस साल, निजामाच्या राज्यावर झालेल्या पोलीस अॅक्शनचे दिवस होते. रझाकारांचे जुलूम मी वर्गात शिकवले होते, आणि ते खरेच होते. त्यानंतर आमच्या लोकांवर काय गुदरलं, ते शाळेच्या पुस्तकात नव्हतं. गावातले पुष्कळ मुसलमान शेतात पळाले. आजोबा गेले नाहीत. मी कुणाचं वाईट केलं नाही, म्हणाले. सकाळी त्यांच्या नावानं हाक आली. लहानगे अब्बा अंगणात खेळत होते. त्यांनीच ओ दिली, घरात आहेत म्हणून सांगितलं. आजोबा बाहेर गेले ते परतले नाहीत. मागल्या घरच्या लिंगायत वाण्यानं बाकीच्यांना आपल्या धान्याच्या खोलीत लपवलं, म्हणून फुफी, अब्बा आणि घरचे सगळे वाचले.

"हाक मारणारा कोण होता?" मी विचारलं.

"वळखीचाच. म्हणून तर तुझ्या बापानं ओ दिली." सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत ती म्हणाली, "नाव इचारू नको. त्याच्या नातवंडांनी काय केलंय?"

घरी येऊन मुलाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "अम्मी, हे माझ्या लेकरांना सांगू नका," एवढंच म्हणाला. मी बरं म्हटलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात फुफी गेली. माती झाल्यावर मी एसटीनं परतत होते. डोळे सुजलेले बघून शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, कोण वारलं. मी सांगितलं.

"वयस्कर व्हत्या का?"

"व्हय."

"मग सुटल्या," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.