फांदी मोडू नका

कुठल्याही दगडावर चार अक्षरं दिसली की ती वाचल्याशिवाय ज्याला अन्न पचत नाही असा एकच माणूस मी जन्मात पाहिला, आणि तो नेमका माझाच मेहुणा निघाला. सख्खा नव्हे. आम्ही मस्कतला आलो त्या वर्षी आमच्या हिनं त्याला भाऊबीजेला ओवाळलं, एवढंच नातं. ओवाळणीत लोक साडी देतात, यानं इथल्या निजवाच्या किल्ल्याचं चित्र दिलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तो कंपनीत बिलं तपासायचा, मी मस्कतच्याच अझैब्यात अर्बाबाच्या, म्हणजे इथल्या अरब मालकाच्या, नावावर सुतारकामाचं दुकान चालवायचो. माझी शाळा चौथीत खलास, त्यामुळे मला शहाणं करणं हे आपलं काम आहे असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. शुक्रवारी जग झोपतं, आम्ही किल्ल्यावर. बरं, किल्ला बघायला गेलास तर किल्ला बघ. हा किल्ल्याकडे पाठ करून, हात मागे बांधून पाटी वाचायचा. आधी इंग्रजीत, मग आमच्यासाठी मराठीत, मग पाटी लिहिणाऱ्याचं काय चुकलं ते. तोवर हिच्या डब्यातल्या पुऱ्यांचं चामडं झालेलं. एकदा मी म्हटलं, एवढी गाडी हाकून फळीच बघायची तर माझ्या दुकानात ये, ढीग पडलाय. तर म्हणतो, "दाजी, वाचणारा नसेल तर पाटी म्हणजे नुसतं लाकूड." आता सुतारापुढे हे बोलावं का? लग्न त्याचं झालंच नाही. मुलगी बघायला गेला होता म्हणे, तर पोहे येईपर्यंत गावच्या बारवेवरचा शिलालेख वाचायला गेला तो दिवस मावळल्यावर परतला.

पुढे त्याच्या डोक्यात आलं की किल्ल्यांना पाट्या आहेत, पण आपल्या लोकांनी इथं जन्म घालवले त्याची एकही पाटी नाही. झालं. सागवान माझं, रंग माझा, इतिहास त्याचा. बंद पडलेल्या वाणसामानाच्या दुकानावर त्यानं पाटी लावली, "येथे आपल्या लोकांस प्रथम आमसूल मिळाले." त्या जागी आलेल्या इजिप्शियन न्हाव्याला वाटलं, ही काहीतरी दुवा आहे. त्यानं ती आत नेऊन आरशावर टांगली आणि रोज पुसायला लागला. दुसरी पाटी लावली दिव्याच्या खांबाला, जिथं याची पहिली गाडी बंद पडून कायमची गेली. ती बलदियाच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, माणसानं हसत हसत उतरवून याच्याच हातात दिली. मी एक बघून ठेवलं होतं. याची पाटी लागायची ती संपलेल्या गोष्टीलाच. चालत्या दुकानाला यानं कधी पाटी लावली नाही.

हिनं आमच्या दारात कढीपत्ता वाढवला होता. त्या वाळूत तो कसा जगला ते तिलाच ठाऊक. अर्ध्या अझैब्याची फोडणी त्याच्यावर चालायची, आणि लोक पानं तोडायच्या ऐवजी फांदीच ओरबाडून न्यायचे. ही त्याला म्हणाली, "भाऊ, मेलेल्यांच्या पाट्या पुरे. माझ्या झाडाला एक लिही. पानं घ्या, फांदी मोडू नका."

"ताई, यात इतिहास कुठाय?"

"फांदी मोडली की होईल."

त्याला ते काम हलकं वाटलं. आज लिहितो, उद्या लिहितो, आणि राहिलं.

पुढे ही आजारी पडली. हा भेटायला रोज यायचा, पण उशिरा. का, तर इस्पितळाच्या दारातली कोनशिला. मी शिव्या घालायचो. ही खाटेवरून हसायची, म्हणायची, "वाचू दे हो. कुणीतरी वाचायला पाहिजेच की."

ती गेली. महिना गेला नसेल, तर हा दारात, बगलेत फळी. ताईची पाटी फाटकाला लावायची म्हणाला. "येथे वास्तव्य होते", जन्म, मृत्यू, सगळं जुळवून आणलेलं. माझं डोकंच फिरलं. मी सांगितलं, तुझ्या पडक्या किल्ल्यांच्या रांगेत तिला बसवायची नाही. तुझी पाटी लागली म्हणजे ती संपली, आणि ते मला या दारात रोज वाचायचं नाही.

तो पायरीवर बसला आणि झाडाकडे बघत राहिला. तिथं वाचायला काही नव्हतं. शेवटी मीच फळी ओढून घेतली. त्यानं रंधा असा मारला होता की उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. ती साफ केली, त्याच्यापुढे ठेवली.

"तिनं सांगितलं होतं तेवढंच लिही. नाव नको, साल नको."

त्यानं लिहिलं. "मोडू" जरा वाकडं आलंय. राहू दे म्हटलं.

आता दर शुक्रवारी येतो. हात मागे बांधून झाडापुढे उभा राहतो आणि ती एवढीशी पाटी मोठ्यानं वाचतो. चुका काढत नाही. मी चहा ठेवतो.

परवा असाच आत बसून चहा पीत होता. पलीकडच्या गल्लीत नवीन बिऱ्हाड आलंय पुण्याचं, त्यातली सून फाटकाशी आली. आमच्या घरचं तिला काय ठाऊक. पाटी वाचली आणि तिथूनच म्हणाली, "काकू, चार पानं घेते हं. फांदी नाही मोडत."

मेहुण्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघायला लागला.

मी आतूनच म्हटलं, "घे गं."