ओतून द्यायचं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे फिरकीबाई म्हणत. नळ्या गरागरा फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र बावीस वर्षं तिच्या ताब्यात होतं म्हणून, आणि दिवसातून एकदा तरी कुणाची फिरकी घेतल्याशिवाय तिला जेवण जात नसे म्हणूनही. घरात नवऱ्यापासून जावेपर्यंत सगळे सावध झाले होते, त्यामुळे ती कामावर नवी गिऱ्हाइकं शोधायची.

नवे साहेब आयतेच सापडले. त्यांची हयात मूत्रपिंडात गेलेली. यकृत नुकतंच गळ्यात पडलेलं. उंदराच्या यकृतात अ जीवनसत्त्व कुठल्या पेशी साठवतात, ते मोजायचं होतं.

"मोठ्या पेशी, दुसरं कोण?" साहेब म्हणाले. "खाली बसतील त्या ठेवा, वरचं पाणी ओतून द्या."

"ओतलंच म्हणून समजा," बाई म्हणाली.

मोजलं, तर अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा! साहेबांनी खापर तिच्यावर फोडलं. "तुम्ही सांडलंत!"

हे मात्र तिला झोंबलं. सांडणं सोडाच, तिनं ते पाणी ओतलंसुद्धा नव्हतं. उजेडात हे जीवनसत्त्व टिकत नाही, म्हणून काळ्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवलं होतं. तिनं ते दाट द्रावणाबरोबर पुन्हा फिरवलं. वर सायीसारखा थर आला: पोटात चरबीचे थेंब घेऊन तरंगणाऱ्या बारक्या पेशी.

साहेबांना तिनं सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं.

"आधी चष्मा पुसा."

"का?"

"नंतर पुसत बसाल आणि हुकेल."

अतिनील दिव्याखाली मोठ्या पेशी नुसत्याच मिणमिणल्या. तिनं काचपट्टी बदलली. बारक्या पेशींतले थेंब निळे-हिरवे लखलखले.

"अहो, हे काय!" साहेब ओरडले, तोवर थेंबांचा तो क्षणभराचा उजेड विझलाही.

"तुमचं ओतून द्यायचं पाणी. मोठ्या पेशी माल उतरवून घेतात, साहेब, पण बहुतेक सगळा साठा या मूठभर बारक्यांकडे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पुस्तकात आहे. तुमच्याच टेबलावर, चहाच्या कपाखाली."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलंत कुठे?"

साहेब आधी लाल झाले, मग पोट धरून हसले.

पुढच्या महिन्यात पाहुणे आले. "मला त्या बारक्या पेशींचा पहिल्यापासूनच संशय होता," साहेब ऐटीत सांगू लागले. मागे उभ्या फिरकीबाईला असा ठसका लागला, की तिच्यासाठी पाण्याचा पेला आणायला साहेबांनाच धावावं लागलं.