काटकोनातला खड्डा

विमा कचेरीतली नोकरी सोडून बाईंनी चाळिशीत पुरातत्त्वाच्या एमएला नाव घातलं, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "आधी आपलं कपाट उपस की, बरंच काही सापडेल." पण बाईंना सिद्धान्ताचं वेड लागलं होतं. टेबलावरचा पसारा बघूनही त्या म्हणायच्या, "बघणारा बदलला की अर्थ बदलतो," आणि पसारा तसाच ठेवायच्या. लेकीने त्यांना खड्डेताई म्हणायला सुरुवात केली. वर्गानेही तेच नाव उचललं.

प्रबंधासाठी उत्खननात त्यांच्या वाट्याला आलेल्या चरात ना भांडं निघालं, ना भिंत. निघाला एक चौकोनी खड्डा, आत भुसभुशीत माती. पुरातत्त्वात ज्याचा उपयोग कळत नाही त्याला 'विधी' म्हणायची सोय आहे. खड्डेताईंनी ती मनसोक्त वापरली. कोपरे इतके काटकोनात होते की 'पवित्र भूमिती' असं आख्खं प्रकरण ठोकून दिलं. मार्गदर्शक सर म्हणाले, "आधी तळ तरी गाठा."

शेवटच्या दिवशी सोबत खणणारी जोडीदारीण पाणी आणायला गेली होती. खड्डेताईंच्या खुरप्याला निळं प्लास्टिक लागलं, तळाशी नीट अंथरलेलं. खणून झालेला खड्डा बुजवताना तळाशी असं काहीतरी आजचं ठेवायची रीत असते, पुढच्याला कळावं म्हणून. म्हणजे आधी कुणीतरी इथे चाचणीसाठी खणून गेलं होतं.

ते प्लास्टिक आपल्या झोळीत कोंबलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. 'पुरावा म्हणजे आपण मानू तो' हे वाक्यही मदतीला धावून आलं. हात पुढे गेलासुद्धा. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांनी बसल्या जागेवरून सरांना हाक मारली.

सर वाकून बघत म्हणाले, "एवढे सरळ कोपरे बघून शंका नाही आली?"

"आली होती सर. पण प्रकरण लिहून झालं होतं."

प्रबंध नव्याने लिहिला. विषय: आपल्याला हवं तेच कसं सापडतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "प्लास्टिक लपवावंसं वाटलं?"

"वाटलं. त्याचं तात्त्विक समर्थनही तयार होतं."

"ते प्रबंधात कुठे आहे?"

खड्डेताई अनुक्रमणिका चाळू लागल्या.

"पद्धतीच्या प्रकरणात एक पान घाला. मग सही करते."

त्या एका पानाला आठवडा लागला. सुरुवातीच्या सगळ्या मसुद्यांत हात पुढे गेलाच नव्हता.