उन्हाशी भाऊबंदकी

सोलापूरच्या उन्हाशी सगळं गाव जुळवून घेतं. आमच्या हिच्या मामांनी मात्र त्याच्याशी रीतसर भाऊबंदकी मांडली आहे. शाळेतली हेडक्लार्कची नोकरी संपली तेव्हा लोकांना वाटलं, आता हे नामस्मरणाला लागतील. मामा भिंतींना लागले. कुणाकडेही गेले की चप्पल काढण्याआधी भिंतीला उलटा हात लावून बघतात, तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. एकदा नवी पेठेत मामी आत साड्या बघत होत्या आणि मामा बाहेर, दिवेलागण झाली तरी, भिंतीला हात लावून दुकानदाराला सुनावत होते, "दिवसभर गिळलेलं ऊन ही आता ओकायलीय बघा. वर तुमचा एसी गल्लीत गरम फुंकायलाय. गाव गार व्हावं कसं?" दुकानदाराने त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मामींना हळूच विचारलं, "ह्यांना ऊन लागलंय का?"

वास्तुशांतीला लोक स्टीलची भांडी देतात, मामा गच्ची पांढरी करून ऊन परतवायला चुन्याची गोणी आणि ब्रश देतात. एका घरी बायकांनी त्या गोणीला हळदकुंकू वाहून ती देवापाशी ठेवली, तर मामांनी स्वतःच ती खांद्यावर मारून गच्चीवर नेली. हसू येतं खरं, पण हा माणूस साधा नाही. एका संध्याकाळी आम्ही करमाळ्याहून एसटीने परतत होतो. मामांनी डोळे मिटून हात खिडकीबाहेर धरला. कंडक्टर ओरडला, त्याला दाद दिली नाही. बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, "गाव लागलं बघा, जावईबापू. वारा तापला. माती संपली, सिमेंट लागलं." मी डोकावलो, तर खरोखरच पहिल्या इमारती सुरू झाल्या होत्या. मी थक्क झालो. तोच वारा माझ्याही तोंडावर येत होता आणि मला काडीचं कळलं नव्हतं.

मामांची थोरली बहीण आक्का लेकाच्या नव्या घरात, गच्चीखालच्या खोलीत राहते. लेक गुणी आहे, पण दारातला कडुलिंब त्याने गाडीसाठी काढला, अंगण फरशीने झाकलं आणि स्लॅब गळू नये म्हणून वर काळा डांबरी थर दिला. गेल्या उन्हाळ्यात आक्काला घरातल्या घरात ऊन लागलं, सलाईन लावावं लागलं. यंदा चैत्रातच तिचं जेवण तुटलं आणि झोप उडाली. खाली चल म्हटलं तर "माजे देव हितं हायत" म्हणून हलायला तयार नाही. हा उन्हाळा ती काढते की नाही, याची सगळ्यांनाच धास्ती होती.

मामा चुना घेऊन गेले. भाचा आडवा आला. "मामा, थरावर कायबी लावलं तर गॅरंटी जातीय."

"आनि तुझ्या आईची गॅरंटी कोन दिलंय?" मामा कडाडले. "चप्पल काढ. ह्या काळ्यावर मी शंभर म्हनंस्तवर उभा ऱ्हा, मग गोणी परत नेतो."

भर दुपार होती. भाचा इरेला पेटून उभा राहिला आणि मामांचे चार आकडे होण्याआधीच उड्या मारत जिन्याच्या सावलीत पळाला. तळवे चोळत खाली बसला. मग म्हणाला, "आई ह्याच्याच खाली झोपतीय की." ऊन कलल्यावर चुन्यात डिंक कालवून निम्मी गच्ची त्यानेच पांढरी केली.

दोन-तीन दिवसांनी मी गेलो, तेव्हा आक्काला गाढ झोप लागली होती. मामा उंबऱ्यात बसले होते. मी विचारलं, "मामा, चुना पावसाळ्यात धुऊन जाणार. त्यापेक्षा पुन्हा झाड का लावत नाही?"

"लावलोय की, फरशी उचकून," मामा म्हणाले, आणि त्यांनी मला आवाज खाली करायची खूण केली. "पर त्याची सावली पडंस्तवर आक्का थांबंल व्हय? मी तरी कुटं असतोय तवा?"

मी त्यांच्याशेजारी टेकलो. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. आत आक्का संथ घोरत होती, आणि जन्मभर मोठ्याने बोललेला तो माणूस जीव कानात आणून ते घोरणं ऐकत होता.