अकरा वाजताची रिकामी बालवाडी

महाडच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा अंगात नवा कोट होता आणि खिशात तयार निकाल. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पोलादपूर तालुक्यातल्या एका गावासाठी एकाच गोष्टीपुरते पैसे होते. शाळेला नवी खोली बांधायची, नाहीतर चालू बालवाडी टिकवायची. मुंबईच्या कचेरीत बसून आम्ही खोली निवडलीही होती, कारण बालवाडीबद्दल दर तपासणीत शेरा एकच: 'बंद आढळली'. मी शेवटचा शेरा लिहायला निघालो होतो, एवढेच.

पोलादपूरला गाडी बदलली. आंबेनळीच्या एका वळणावर कंडक्टरने उतरवले. "परतीची गाडी चारला. तिच्यामागनं काय नाय हां!" पायवाटेवर ओढा लागला. त्यात मी कोटासकट बसलो. निथळत गावात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते.

बालवाडी बौद्धवाडीतल्या विहारात भरायची. चटया गुंडाळलेल्या, मूल एकही नाही. ती चालवणाऱ्या सुलभाताई केर काढत होत्या. त्यांना मी वक्तशीरपणावर व्याख्यान दिले.

"पोरं घरी गेली, सायब," त्या म्हणाल्या. "उद्या साडेसहाला या."

"वेळ अकरा ते दोन आहे!"

"ती कागदावर. हितं शाळा सकाळची हाय."

कोट वाळायची वाट बघता बघता चारची गाडी घाट उतरून गेली. वक्तशीरपणाचा विषय मग कोणी काढला नाही, ही गावाची सभ्यता. मुक्काम शाळेच्या गुरुजींकडे पडला. नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी (कुळीथ दळून केलेले पातळ कालवण) मी तीनदा मागून घेतली.

सकाळी बाया कोयते घेऊन कवळाला (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी लागणाऱ्या फांद्या तोडायला) निघाल्या होत्या. जाता जाता प्रत्येकीने विहारात आपले मूल सोडले. एकीने तर माझ्याच मांडीवर ठेवले.

"धरा जरा, रडतंय."

त्याने माझे पेन तोंडात घातले आणि गप्प झाले. त्याची बहीण, चौथीतली, दारातून हात हलवून पाटी घेऊन शाळेकडे पळाली. तिच्यामागून आणखी मुली, सगळ्यांच्या कडेवरचे ओझे नुकतेच उतरलेले.

शाळेची खोली एकच. चार इयत्तांपैकी दोन पडवीत बसत. गुरुजी खोलीसाठी कितीतरी वर्षे अर्ज करत होते, म्हणून त्यांना आनंदाची बातमी द्यावी म्हटले.

ते म्हणाले, "बालवाडी बंद केलीत तर या मुली भावंडं सांभाळत घरी बसतील. नव्या खोलीत मी कोणाला बसवू? राहू द्या खोली."

मुंबईला परतून मी टिपणी लिहिली, खऱ्या वेळेसकट. साहेबांनी चष्मा काढला. "सकाळी साडेसहाला तपासायला जाणार कोण?"

"मी जाईन," असे बोलून गेलो आणि पस्तावलो.

बालवाडी राहिली. खोलीवर रेघ मारली, तीही माझ्याच हातांनी. साहेबांना माझी टिपणी आवडली, मलाही आवडली. गावाला दोन्ही हवे आहे, एवढे एक वाक्य तिच्यात लिहायला कोणाची हरकत नव्हती. ते मला सुचले जूनमध्ये, कचेरीच्या खिडकीवर पाऊस वाजू लागला आणि ती पडवी आठवली तेव्हा.