टेबलावर ठेवून आलेली केळी

दर रविवारी दुपारी राजवाड्यामागच्या गल्लीत एका घरी आमचा बायबलचा अभ्यास चालतो. तो घेणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला आम्ही सगळे अक्का म्हणतो, आणि मला त्या तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. वाचन तमिळमध्ये. येताना प्रत्येकाने घरचं काहीतरी आणून टेबलावर ठेवायचं. शेवटी त्यावर प्रार्थना होते आणि ते एखाद्या गरजू घरी पोचतं.

मी घरातला पहिला पदवीधर. प्रश्नाचं उत्तर पाठ करून न्यायची सवय कॉलेजातली, म्हणून सुरुवातीला मी उताऱ्याचा अर्थ तयार करून जायचो. अक्कांनी अर्थ कधी विचारलाच नाही. वाचून झालं की त्या विचारत, "या आठवड्यात काय करणार?" आणि पुढच्या रविवारी, "केलं का?"

त्या दिवशी मी केळ्यांची फणी नेली होती. वाचायची पाळीही माझीच. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असा तो येशूचा उपदेश. वाचता वाचताच माझे कान तापले.

अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने, दहावीनंतर शाळा सोडून जवळच्या ओरत्तनाडू गावी पंपदुरुस्तीचं काम धरलं, म्हणून मी शिकलो. माझ्या बाप्तिस्म्याबद्दल तो काही बोलला नव्हता. पण वडिलांच्या श्राद्धाला मी गेलो नाही. तो विधी माझ्या विश्वासात बसत नाही, हे फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो. धाकट्याला आता आपल्या घरचं अन्न चालत नाही, असं त्याने धरलं. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नव्हता.

"या आठवड्यात भावाकडे जाईन," मी म्हणालो. "सवड बघून."

"सवड बघून, असं कुठल्या ओळीत आहे, तंबी?" अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. "ऊठ. केळी कुठं पळून जात नाहीत."

सगळे हसले. मी खरंच उठलो.

बसमध्ये बसायला जागा होती, तरी मी दारापाशी उभा राहिलो. कालवे काठोकाठ भरले होते. इतकी वर्षं वाचलेलं वाक्य आज मला हाताला धरून नेत होतं, आणि भीतीपेक्षा आनंदच जास्त वाटत होता.

अण्णा ओसरीवर गोणपाटावर पंपाचे भाग मांडून बसला होता. मान वर न करता त्याने आत हाक दिली, "अगं, पदवीधर आलेत. कॉफी तरी चालते का, विचार त्यांना."

"अण्णा, भूक लागली आहे. जेवायला वाढ."

त्याचा हात थांबला. "आमच्या घरचं?"

"तुझ्याच घरचं. श्राद्धाला मी पुढंही बसणार नाही. पण तुझं अन्न मी कधी टाकलं नाही. हे समोर बसून सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

चिंधीने तो बराच वेळ एकेक बोट पुसत राहिला. मग वहिनीला म्हणाला, "पान मांड. एवढं शिकून चुकलं म्हणायला शिकलाय, तेही उशिराच."

वहिनीने भात, सांबार आणि दह्यात उडदाचं पीठ कालवलेली डांगर पच्चडी आणून ठेवली. मी डोळे मिटून प्रार्थना केली. उघडले तेव्हा अण्णा भाताचा डाव हातात धरून तसाच थांबलेला.

"झालं? वाढू?"

मी दोनदा भात घेतला. जेवताना त्याने विचारलं, "आज असा अचानक कसा?" मी केळ्यांची गोष्ट सांगितली.

"देवापुढचं तसंच टाकून आधी भावाकडे? असं लिहिलंय तुमच्यात?"

"लिहिलंय."

"वाच बघू."

हात धुऊन मी मोबाइलवर तो उतारा काढला आणि वाचून दाखवला. त्याने पुरता ऐकला. मग घड्याळाकडे बघत उठला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"चल, बसपर्यंत सोडतो. तुझी केळी काळी पडतील."